उत्सवाच्या नाटकात पहिल्यांदा उभं राहताना: विंगेतून दिसलेलं पाठांतर

गावच्या उत्सवात यंदा पहिल्यांदाच काम मिळालंय, हातात सत्तर-ऐंशी वाक्यांची नक्कल (आपल्या भूमिकेचे संवाद) पडलीय, जत्रा दीड महिन्यावर आलीय आणि दहावीनंतर आपण काहीही पाठ केलेलं नाही, अशा माणसासाठी हे लिहितोय. गोव्याच्या अंत्रुज महालातल्या आमच्या गावात मी बरीच वर्षं प्रॉम्प्टिंग करतो, म्हणजे विंगेत बसून अडलेल्या नटाला शब्द देतो. नट म्हणून दोनदा उभा राहिलो होतो. दोन्ही प्रयोग पाहून गावानं ठरवलं की हा विंगेतच बरा. तक्रार नाही. स्टुलावर बसून वहीवर बॅटरी धरली की जे दिसतं ते समोर बसलेल्यांना दिसत नाही: कोण कुठे अडकतो, आणि अडकायच्या आदल्या क्षणी नेमकं काय होतं.

एक गोष्ट मला आता खात्रीनं कळलीय. ऐन प्रयोगात अडकलेल्या माणसाचं वाक्य आत शाबूत असतं. मी पहिला शब्द कुजबुजलो की अख्खा परिच्छेद घडाघडा बाहेर येतो, एक मात्रा इकडची तिकडे होत नाही. समोरच्याचं वाक्य संपलं आणि त्याच्या शेवटच्या शब्दानं आपल्या डोक्यातलं काही हललं नाही, एवढंच झालेलं असतं. एंडेल टुल्विंग आणि झेना पर्लस्टोन यांनी १९६६ साली हेच प्रयोग करून दाखवलं. विद्यार्थ्यांना गटागटांत बांधलेल्या शब्दांच्या याद्या ऐकवल्या, म्हणजे काही प्राणी, काही फळं असं. नंतर काहींना नुसतं आठवायला सांगितलं, काहींच्या हातात गटांची नावं दिली. नावं मिळालेल्यांना कितीतरी जास्त शब्द आठवले. शिकताना ऐकलं होतं दोघांनीही सारखंच.

म्हणून पाठांतराचे निम्मे कष्ट क्यूवर, म्हणजे ज्या शब्दांवर किंवा खुणेवर आपण बोलायला लागायचं त्यावर, खर्च करा. खालच्या पायऱ्या त्याच हिशेबानं लावल्या आहेत.

पहिली पायरी: नक्कल हातानं उतरवा

झेरॉक्स केलेली संहिता पिवळ्या मार्करनं रंगवायची सवय हल्ली सगळ्यांना लागलीय. रंगवा हवं तर, पण त्याला अभ्यास समजू नका. रंगवलेली ओळ डोळ्यांच्या ओळखीची होते आणि ओळख पटली की आपल्याला वाटतं, आलं. तिठ्यावर रोज दिसणारा माणूसही ओळखीचा असतो, त्याचं नाव विचारलं की मात्र पंचाईत होते.

शंभर पानी वही घ्या. डाव्या पानावर आधीच्या पात्राच्या वाक्यातले शेवटचे चार-पाच शब्द, उजव्या पानावर त्यासमोर आपलं वाक्य. बाकीचं काही नाही. क्यू शब्दांचा नसेल, कुणी दार लोटलं किंवा दिवा मालवला की बोलायचं असेल, तर डावीकडे तसं लिहा.

मग लाल पेन घ्या आणि डावीकडची पानं चाळून एकसारखे क्यू शोधा. हे काम कोणी करत नाही, आणि आमच्याकडे सगळ्यात मोठा घोळ याच्यामुळे झालाय. एका नाटकात ‘मग काय ठरलं तुमचं?’ हे वाक्य दुसऱ्या अंकात दोनदा येत होतं, चार पानांच्या अंतरानं. पहिल्या वेळी नायकाच्या थोरल्या भावानं दुसऱ्या वेळचं उत्तर दिलं. मी बावचळून तिथलंच पान उघडलं आणि पुढचा शब्द दिला. चारही पानं गेली. त्याच पानांत कपाटातून पत्र सापडायचं होतं. पुढचा अर्धा तास मंडळी न सापडलेल्या पत्रावर हुंदके देत होती. चूक निम्मी माझी होती. सारखे दिसणारे क्यू एकमेकांच्या वाटेत येतात, हा स्मृतीचा जुना स्वभाव आहे. लाल खूण केलीत की निदान तिथे पोचताना माणूस सावध असतो. दिग्दर्शक ऐकणारा असेल तर त्यातला एक क्यू थोडा बदलून मागा. आमचा ऐकत नाही.

दुसरी पायरी: पाठ करायच्या आधी ‘का’ लिहा

ओळखीचा संदर्भ नसलेल्या गोष्टी माणूस एका वेळी फार थोड्या धरू शकतो. जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये हा आकडा सातच्या आसपास सांगितला होता. पुढच्या संशोधकांनी तो चारपर्यंत खाली आणला. पण एक ‘गोष्ट’ म्हणजे किती, हे आपल्या हातात असतं. अर्थानं बांधलेलं अख्खं वाक्य एकच गोष्ट होऊन बसतं.

अमेरिकेत हेल्गा आणि टोनी नॉइस या दांपत्यानं, ती मानसशास्त्रज्ञ आणि तो स्वतः नट-दिग्दर्शक, व्यावसायिक नट संवाद कसे पाठ करतात याचा बरीच वर्षं अभ्यास केला. बहुतेक नट घोकत बसतच नाहीत, असं त्यांना आढळलं. प्रत्येक वाक्यातून हा माणूस समोरच्याचं काय करू पाहतोय, हेच ते शोधत राहतात आणि त्या शोधातच शब्द बसत जातात.

तुमचं वाक्य समजा असं आहे: ‘तू मुंबईला जा. घर मी बघतो. आईला मात्र यातलं काही सांगू नकोस.’ समासात लिहा: मोकळं करतो, ओझं घेतो, गप्प करतो. तीन क्रियापदं. उद्या शब्द निसटला तरी ‘आता याला गप्प करायचंय’ हे आठवेल आणि ते आठवलं की वाक्य मागोमाग येईल. लेखकानं ‘यातलं काही’ लिहिलंय आणि तुम्ही नेहमी ‘यातलं एक अक्षर’ म्हणत असाल तर तेही इथेच पकडा. चुकीचा शब्द एकदा जिभेवर बसला की उठता उठत नाही.

तिसरी पायरी: वही मिटा

यावर मी थोडा वेळ घेणार आहे, कारण नव्या माणसाचे सगळ्यात जास्त तास इथेच वाया जातात.

बहुतेक जण प्रवेश वाचतात, पुन्हा वाचतात, दहा वेळा वाचतात. दहाव्या वेळी वाचन लोण्यासारखं सरकतं आणि माणूस खूष होतो. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी २००६ साली विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटानं चार सत्रं नुसता वाचला. दुसऱ्यानं एक सत्र वाचला आणि उरलेली तीन सत्रं कागद समोर न ठेवता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते: ८३ टक्के, आठवणारे ७१ टक्के. आठवड्यानं पुन्हा घेतली. वाचणारे ४० वर घसरले, आठवणारे ६१ वर टिकले. आणि आपल्याला हे चांगलं लक्षात राहील, हा भरवसा जास्त होता तो वाचणाऱ्यांनाच.

तालमीला येऊन ‘घरी अगदी पाठ होतं हो’ म्हणणारे नट खोटं बोलत नसतात. घरी, पाच मिनिटांपूर्वी वाचलेलं, खरंच पाठ होतं.

तर असं करा. एक पान दोनदा वाचा, मोठ्यानं. मग उजवं पान लग्नपत्रिकेनं झाका. जाड असते आणि प्रत्येक घरात ढीगभर पडलेली असते. डावीकडचा क्यू मोठ्यानं म्हणा आणि आपलं वाक्य म्हणायचा प्रयत्न करा. आलं नाही तर लगेच पत्रिका सरकवू नका. पाच-सहा सेकंद थांबा, अंदाजानं काहीतरी बोला, मग बघा. हे थांबणं कंटाळवाणं असतं, लाजिरवाणंही वाटतं, पण वाक्य खरं मुरतं ते त्यातच. चुकलेल्या वाक्यासमोर बारीक टिंब द्या. दुसऱ्या फेरीत टिंबवाल्या वाक्यांना दोनदा हात लावायचा, बाकीच्यांना एकदा.

एकट्यानं करायचं असेल तर मोबाइलवर फक्त क्यू रेकॉर्ड करा आणि मध्ये आपल्या वाक्यापुरती जागा मोकळी सोडा. स्वतःची वाक्यं रेकॉर्ड करून दिवसभर ऐकण्यानं फारसं साधत नाही. तेही वाचण्यासारखंच, नुसतं कानांनी.

चौथी पायरी: थोडं थोडं, रोज

हर्मान एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकानं निरर्थक अक्षरांच्या याद्या स्वतःच पाठ करून, ठरावीक वेळानं पुन्हा पाठ करायला किती श्रम वाचतात ते मोजलं आणि १८८५ साली छापलं. वीस मिनिटांनी ५८ टक्के श्रम वाचत होते, एका दिवसानं ३४ टक्के, महिन्यानं २१ टक्के. म्हणजे सगळ्यात मोठी गळती पहिल्या दिवसातच. नाटक निरर्थक नसतं (निदान आपली तशी समजूत असते), त्यामुळे तुमची गळती इतकी नसेल. पण वळण तेच. म्हणून नवा प्रवेश दुसऱ्या दिवशी पुन्हा काढायचाच. मग तीन दिवसांनी, मग आठवड्यानं. मधल्या दिवसांत तो थोडा विसरू द्या. विसरत आलेलं ओढून काढताना जे कष्ट पडतात त्यांचाच फायदा होतो.

शनिवारी सलग चार तास बसून एक अंक उरकतो, असं म्हणणारे आमच्याकडे दर वर्षी असतात. ब्रिटिश टपाल खात्यातले कर्मचारी टंकलेखन शिकत होते तेव्हा ॲलन बॅडली आणि लाँगमन यांनी त्यांचे वेगवेगळे गट केले होते. निकाल १९७८ मध्ये आला. रोज एकच तास शिकणारे एकूण कमी तासांत शिकले, रोज दोन तासांची दोन सत्रं करणाऱ्यांना जास्त तास लागले. गंमत अशी की एक तासवालेच सर्वात नाखूष होते, कारण दिवसांच्या हिशेबात आपण मागे पडतोय असं त्यांना वाटायचं. तुम्हालाही तसं वाटेल. वाटू द्या.

वेळ काढायला जागा पुष्कळ आहेत. आमच्यातला एक जण चोडणचा, पणजीत नोकरीला. रायबंदरच्या धक्क्यावर फेरीबोट येईपर्यंत एक प्रवेश आणि पलीकडे लागेपर्यंत दुसरा, असं त्यानं अख्खं काम बसवलं. बोटीवरचे लोक पहिले चार दिवस बघायचे, मग तेच क्यू द्यायला लागले.

पाचवी पायरी: सांधे घट्ट करा

देवळातल्या भटजींपैकी कोणी पाठशाळेत वेदाध्ययन केलेले असतील तर त्यांना क्रमपाठ म्हणून दाखवायला सांगा. मंत्रातलं पहिलं पद, म्हणजे शब्द, दुसऱ्याशी, दुसरं तिसऱ्याशी, तिसरं चौथ्याशी असं जोडत जायचं. प्रत्येक पद दोनदा येतं, एकदा आधीच्याचा शेवट म्हणून आणि एकदा पुढच्याची सुरुवात म्हणून. जटा आणि घन पाठ तर पुढे-मागे उलटसुलट गुंफतात. कागदावाचून मंत्र अक्षराअक्षरानं सांभाळणाऱ्यांनी सगळा जोर सांध्यावर दिला होता, हे लक्षात घ्या.

आपण करतो उलटं. आपलं वाक्य पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत म्हणतो, थांबतो, मग पुढचं आपलं वाक्य. वाक्यं मजबूत, सांधे कच्चे. त्यापेक्षा एक फेरी फक्त सांध्यांची करा: समोरच्याचे शेवटचे चार शब्द आणि आपले पहिले चार शब्द, मध्ये श्वास न घेता. बस. पुढचा सांधा. सत्तर वाक्यांचं काम दहा मिनिटांच्या आत संपतं. लांब स्वगतात दोन परिच्छेदांमधल्या सांध्यालाही हेच लावा, तिथे क्यू द्यायला दुसरं कोणी नसतं.

सांधे रांगेनं आले की मग वही मध्येच कुठेही उघडा आणि तिथला क्यू घ्या. रांगेनं शिकलेलं रांगेनंच आठवतं. पाढा मध्येच विचारला की मूल एकपासून सुरू करतं तसं. समोरच्यानं दोन वाक्यं गाळली तर तुम्हाला मध्येच चढता आलं पाहिजे.

सहावी पायरी: उठा, आणि गोंगाट करा

तालमीत हालचाली ठरल्या की घरीही उभ्यानंच म्हणा. नॉइस दांपत्याला असंही दिसलं होतं की चालता-फिरता म्हटलेली वाक्यं जागच्या जागी म्हटलेल्यांपेक्षा जास्त चांगली आठवतात. खुर्चीकडे जाताना म्हणायचं वाक्य खुर्चीकडे जाताना म्हणा. पाय पुढे पडला की तोच क्यू होतो.

जागेचा परिणाम होतो का? गॉडन आणि बॅडली यांचा १९७५ चा पाणबुड्यांवरचा प्रयोग प्रसिद्ध आहे: पाण्याखाली ऐकलेले शब्द पाण्याखालीच जास्त आठवले, काठावर ऐकलेले काठावर. २०२१ साली तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा मात्र तसं काही दिसलं नाही. त्यामुळे मी यावर भिस्त ठेवत नाही. पण देवळाच्या अग्रशाळेच्या (धर्मशाळेच्या) शांत खोलीत पाठ केलेलं काम जत्रेच्या रात्री हलतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पालखी आत गेल्यावर आपलं नाटक सुरू होतं. बाहेर खाजेवाल्यांची दुकानं, जनरेटर, लाउडस्पीकरवर हरवलेल्या मुलाचं नाव, पुढच्या रांगेत पेंगणारे आजोबा. याची आधीच सवय करा. स्वयंपाकघरात मिक्सर चालू असताना म्हणा. भरभर म्हणा, मग रेंगाळत म्हणा, मग रागावून. १९७८ मध्ये केर आणि बूथ यांनी लहान मुलांना नेम धरून छोट्या पिशव्या फेकायला लावल्या: काहींनी फक्त तीन फुटांवरून सराव केला, काहींनी दोन आणि चार फुटांवरून. परीक्षा तीन फुटांवर झाली, आणि आठ वर्षांच्या मुलांत तिथे कधीच न फेकलेली मुलं सरस ठरली.

पद (गाणं) असेल, किंवा हातात काम असेल

संवादाची स्मृती आणि हाता-गळ्याची स्मृती एकाच कपाटात नसते. हेन्री मोलेसन या अमेरिकन माणसाची १९५३ साली अपस्मारासाठी मेंदूवर शस्त्रक्रिया झाली आणि त्याची नव्या आठवणी साठवण्याची शक्तीच गेली. ब्रेंडा मिलनर यांनी त्याला आरशात बघून चांदणीचा आकार गिरवायला दिला. दुसऱ्या दिवशी त्याला आपण हे पूर्वी केलंय हेही आठवत नव्हतं, पण हात आदल्या दिवसापेक्षा सफाईनं चालत होता.

म्हणजे हाताचं काम आठवून येत नाही, फक्त करूनच येतं. रंगमंचावर सुपारी कातरायची असेल तर पहिल्या आठवड्यापासून खरा अडकित्ता घ्या. आधी सावकाश, नुसतं हाताकडे लक्ष देऊन. मग संवादासकट. आपल्या गोव्याचे वादक लयभास्कर खाप्रुमाम पर्वतकर हातापायांनी एकाच वेळी वेगवेगळे ताल दाखवत. आपल्याला सुपारी कातरता कातरता मुलीला ओरडता आलं तरी पुष्कळ.

शेवटच्या आठवड्यात मात्र हाताकडे बघणं सोडा. मुरलेल्या गोल्फ खेळाडूंना आपल्या हाताच्या हालचालीकडे लक्ष द्यायला लावलं की त्यांचे फटके बिघडतात आणि नवख्यांचे सुधारतात, असं सायन बायलॉक यांच्या प्रयोगांत दिसलं. पदाचंही तेच. ताना बसवताना गळा ऐका, प्रयोगात समोरच्या पात्राकडे बघून गा.

आदली रात्र आणि तो दिवस

झोपा. जेंकिन्स आणि डॅलनबाक यांनी १९२४ मध्येच दाखवलं होतं की पाठ करून झोपलेल्याचं कमी गळतं, जागणाऱ्याचं जास्त. नेपथ्य उभारायला पोरं आहेत. रात्री तीनपर्यंत खिळे ठोकत बसलेला नायक दुसऱ्या दिवशी कसा उभा राहतो ते मी बघितलंय.

प्रयोगाच्या दिवशी अख्खी वही वाचू नका. एक फेरी सांध्यांची, एक लाल खुणांची. मेकअपला बसल्यावर वही बंद. ब्लँक झालातच तर विंगेकडे बघू नका. सगळं देऊळ तुमच्याबरोबर तिकडे बघतं. समोरच्या पात्राकडे बघा, त्याचे शेवटचे शब्द मनात पुन्हा म्हणा आणि त्या जागी करायची हालचाल सुरू करा. बऱ्याचदा तेवढ्यानं काम होतं. नाही झालं तर मी आहेच.

आणि माझं एक काम करा. रंगीत तालमीच्या आधी तुमच्या प्रॉम्प्टरजवळ या, त्याच्या प्रतीवर पेन्सिलनं खुणा करून द्या, की इथे इथे मी मुद्दाम थांबतो. विंगेतून नटाचा विराम आणि नटाचा विसर हुबेहूब सारखे दिसतात. गेल्या खेपेला एका बापाच्या भूमिकेतल्या गृहस्थांनी मुलाच्या प्रेताशी सुंदर विराम घेतला, सभामंडप चिडीचूप झाला, आणि मी मोठ्यानं ‘बाळा, ऊठ’ म्हणालो.